अर्ज नको, गुन्हा नोंदवा

सासूबाई दारात उभ्या होत्या. दुधाच्या दोन पिशव्या छातीशी घट्ट धरलेल्या. "गेलं गं," एवढंच म्हणाल्या. मला आधी वाटलं, दूध फुटलं. मग मानेकडे लक्ष गेलं. डाव्या कानाखालपासून मागे मणक्यापर्यंत लाल वळ उठला होता आणि दोन ठिकाणी रक्त आलं होतं. त्यांना खुर्चीत बसवून पदर सारखा करायला गेले, तर पदराच्या घडीतून मंगळसूत्राची एक वाटी फरशीवर पडली. दोनातली एक. काळे मणी पुढचे दोन दिवस सापडत होते, ब्लाऊजमध्ये, चपलेत, रस्त्याच्या कडेच्या मातीत.

ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. वेळ सकाळी ६ वाजून १० मिनिटं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे अजून पूर्ण अंधार होता. त्यात होल्डिंग पॉन्डच्या कडेच्या ९ खांबांपैकी ६ दिवे नोव्हेंबरपासून बंद. नवी मुंबईबाहेरच्यांना होल्डिंग पॉन्ड कदाचित माहीत नसेल. हे शहर खाडीला लागून, सखल जमिनीवर वसलं आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते तेवढा वेळ साठवायला हे तलाव खोदलेले आहेत. आमच्या तलावाच्या एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला रो-हाऊसच्या मागच्या भिंती. त्या रस्त्याकडे तोंड करून एकही दार नाही, दुकान नाही. आमच्या सेक्टरमधली निम्मी म्हातारी माणसं तिथेच चालायला जातात.

पोलीस ठाण्याचं किंवा नोडचं, म्हणजे आमच्या उपनगराचं, नाव मी लिहिणार नाही. तिथे मला चांगली माणसंही भेटली, आणि मला सांगायचं आहे ते एका ठाण्यापुरतं नाही.

मुलीने ११२ ला फोन लावला. गाडी पंधरा मिनिटांत आली. दोघं पोलीस, त्यातला एक अगदी पोरगेला. तो आईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, खाली बसला, "आजी, घाबरू नका, दोघं होते का? गाडी कुठल्या रंगाची?" असं एकेक विचारत राहिला. काळी मोटरसायकल, मागे बसलेल्याने तोंडाला रुमाल बांधलेला, नंबरप्लेट वर मुडपलेली. त्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ठाण्यात येऊन फिर्याद द्या, म्हणजे गुन्हा दाखल होईल." आम्हाला वाटलं, तासाभराचं काम आहे.

आम्ही ८ वाजता गेलो आणि दुपारी साडेबाराला बाहेर पडलो. हातात होता तो आम्हीच लिहिलेल्या अर्जाचा कागद, त्यावर आवकचा शिक्का. गुन्हा नाही.

मधल्या साडेचार तासांत काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण अशा वेळी माणसाला आपण कुठे चुकतो आहोत हेच कळत नाही. ठाणे अंमलदारांनी आधी विचारलं, "पावती आहे का?" मंगळसूत्र आईंच्या लग्नातलं, १९७९ सालचं. सांगलीच्या ज्या सोनाराकडे केलं तो सोनार राहिला नाही आणि त्याचं दुकानही नाही. "मग वजन कशावरून सांगता?" आई म्हणाल्या, "साडेतीन तोळे." ते म्हणाले, "आजी, असं तोंडी कसं धरायचं?" मग विचारलं, "मोटरसायकल जवळून गेली म्हणून हिसका बसून तुटलं नाही ना? पडलं असेल तर गहाळचा दाखला लगेच देतो." आईंनी मानेवरचा पदर बाजूला केला. त्यांनी बघितलं, लगेच नजर वळवली आणि म्हणाले, "अर्ज द्या. सीसीटीव्ही बघतो. काही मिळालं की गुन्हा नोंदवू."

त्या क्षणी मला ते बरोबर वाटलं. आधी तपास, मग गुन्हा, असाच क्रम असेल. आई तिथे लाकडी बाकावर बसून कंटाळल्या होत्या, त्यांना गोळ्या घ्यायच्या होत्या. मी अर्ज लिहिला, पोच घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी आमच्या लाइनीतल्या वकील ताई आल्या. त्या कौटुंबिक न्यायालयात काम करतात, फौजदारी त्यांचा विषय नाही, तरी अर्ज वाचून त्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, क्रम उलटा आहे. आधी गुन्हा, मग तपास." दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच तसा निकाल दिला आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात अंगावरची वस्तू हिसकावून पळण्याला कलम ३०४ असं स्वतंत्र कलम आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण चोरी करताना माणसाला दुखापत केली तर ती जबरी चोरी, कलम ३०९, आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा जन्मठेपसुद्धा. म्हणजे आईंच्या मानेवरचा तो ओरखडाच गुन्ह्याचं स्वरूप बदलत होता. त्याच्यावर मी सकाळीच हळद लावून बसले होते.

सुदैवाने मुलीने हळद लावायच्या आधी फोनवर तीन फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही आईंना पालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पट्टी घेऊन ओरखडा मोजला आणि केसपेपरवर लिहिलं, ७ सेंटिमीटर. कसा झाला तेही आईंच्या शब्दांत लिहिलं. चार दिवसांनी त्या मानेवर काही दिसतही नव्हतं. कोणाच्या घरी असं झालं तर सगळ्यात आधी हे करा. सोन्याची पावती नंतर शोधता येते.

केसपेपर घेऊन पुन्हा ठाण्यात गेलो. या वेळी एक पीएसआय होते. ते म्हणाले, "ताई, नवीन कायद्यात आम्हाला १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते." खोटं बोलत नव्हते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे, पण ती ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना, आणि तीही उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे आमच्याकडे एसीपींची, परवानगी घेऊन. वकील ताईंनी शांतपणे विचारलं, "जबरी चोरीला ती लागू नाही. आणि हिसकावणं धरलं तरी एसीपी साहेबांची परवानगी घेतली आहे का? असेल तर दाखवा." पीएसआय काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आवाज उतरवून म्हणाले, "वरून विचारतात हो. महिन्याला किती चेन स्नॅचिंग, किती उघड. आकडा वाढला की आमचीच कानउघाडणी होते."

मला त्या माणसाचा राग आला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्यासारखी माणसं त्या बाकावर तासन्‌तास का बसतात. घडलेली चोरी कागदावर आली नाही तर ती कोणाच्याच खाती जमा होत नाही, आणि मग तिच्यासाठी कोणाला गस्तही घालावी लागत नाही.

त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की ठाण्याने नोंद करायला नकार दिला तर माहिती लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. आयुक्तालयात त्या जागी परिमंडळाचे उपायुक्त. आम्ही एक पानी पत्र केलं. तारीख, वेळ, ठिकाण, खांबाचा नंबर, केसपेपरची प्रत, तीन फोटो, पहिल्या अर्जाची पोच. स्पीड पोस्टाची पावती मी कपाटाला चिकटवून ठेवली. पत्र गेल्याच्या पाचव्या दिवशी ठाण्यातूनच फोन आला, "आजींना घेऊन या, जबाब घ्यायचा आहे." जबाब वाचून दाखवला, आईंनी सही केली, आणि एफआयआरची प्रत हातात मिळाली. ती फिर्यादीला मोफत द्यायची असते, मागायला लाजू नका. किमतीच्या रकान्यात आजच्या भावाच्या निम्म्याहूनही कमी रक्कम होती. त्यावर आम्ही पुन्हा एक अर्ज दिला. तो वाद मी इथे लांबवत नाही.

दिव्यांचं काम त्यामानाने सोपं असेल असं वाटलं होतं. पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." रात्री जाऊन पाहिलं, सहाही दिवे बंद. पुन्हा तक्रार, पुन्हा निवारण. असं चार वेळा. मग विभाग कार्यालयात गेले. विद्युत विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांनी सांगितलं की कोणीतरी रस्ता खोदताना केबल तुटली आहे, नवी टाकायला मंजुरी लागेल, आणि रोजची देखभाल ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, दिवे चांगले आहेत, केबल आमच्याकडे येत नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि रस्ता अंधारात होता.

एरवी अशा वेळी माणूस नगरसेवकाकडे जातो. आमच्याकडे नगरसेवकच नव्हते. २०१५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार होता. माजी नगरसेवकांचा फोन लागायचा, ते "बोलतो मी" म्हणायचेही, पण त्यांचं ऐकणं कोणावर बंधनकारक नव्हतं. इतकी वर्षं मतदानाला जाताना मी वॉर्डाची निवडणूक सगळ्यात कमी महत्त्वाची मानत आले. रस्त्यावरच्या दिव्यासाठी जाब विचारायला हक्काचं माणूस नसणं म्हणजे काय, ते त्या दोन महिन्यांत कळलं.

शेवटी माहितीचा अधिकार. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. दोन अर्ज केले. पालिकेला विचारलं की अमुक ते अमुक नंबरच्या खांबांवरचे दिवे नोव्हेंबरपासून कोणत्या तारखांना बंद होते आणि ठेकेदाराला किती दंड लावला. पोलिसांना विचारलं की आमच्या सेक्टरमध्ये २०२२ पासून हिसकावणं, घरफोडी आणि मोबाईल चोरीचे किती गुन्हे नोंद आहेत. पालिकेचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, पहिलं अपील केलं, मग आलं. डिसेंबरच्या तपासणी अहवालाची प्रत होती. आमच्या ९ खांबांपुढे एकाच हस्ताक्षरात नऊ वेळा लिहिलं होतं, "सुरू". पोलिसांचं उत्तर मात्र वेळेत आलं. तीन वर्षांत तिन्ही प्रकारचे मिळून गुन्हे २. त्यातला एक आमचा.

तो कागद घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेले आणि नुसता वाचून दाखवला. हॉलमध्ये आधी शांतता, मग एकदम कल्ला. "दोन कसे? माझी चेन गेली त्याचं काय?" "आमचं ग्रिल कापलं होतं गणपतीत!" "माझा मोबाईल रिक्षातून ओढला." त्या रात्री मी मुलीची जुनी दोनशे पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, जागा, काय गेलं, तक्रार.

तीन रविवार मी आणि बी लाइनीतले निवृत्त काका घरोघर फिरलो. या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. आमच्याच चार लाइनींत ११ घटना निघाल्या. त्यांतल्या नऊ जणांच्या "तक्रार" या रकान्यात मला रेघ मारावी लागली. कारणं ऐकून पोटात तुटायचं. मोबाईल गेलेल्या मुलाला सिम कार्ड परत हवं होतं, गहाळचा दाखला मिळाला, त्याचं काम झालं. एका ताईंची चेन गेली ती त्यांनी नवऱ्याला अजून सांगितलेली नाही, तशीच दिसणारी एक ग्रामची घेऊन गळ्यात घातली आहे. मला माजघरात नेऊन, दार लोटून सांगितलं. ग्रिल कापलेल्या घरातल्यांनी अर्ज दिला होता, तीन चकरा मारल्या आणि सोडून दिलं. चौघांच्या घराबाहेरचे पाण्याचे मीटर चोरीला गेले होते, त्यांनी आपसांत पैसे काढून नवे बसवले.

आणि शेजारच्या काकू. आमच्या भिंतीला भिंत. त्यांची बोरमाळ २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, काळ्या मोटरसायकलवरून गेली. आमच्याआधी चार महिने. त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. "काय सांगायचं? म्हातारपणी दागिने घालून मिरवायला कशाला जाता, असं मुलगा म्हणाला. म्हटलं, गप्प बसावं." मी वहीत तारीख लिहिली आणि बराच वेळ पुढे लिहू शकले नाही. काकू सप्टेंबरमध्ये बोलल्या असत्या आणि कोणी ते कागदावर घेतलं असतं, तर आमच्या आई जानेवारीत त्या अंधारातून गेल्या नसत्या. काकूंना दोष द्यायची मला इच्छा नाही. ज्यांनी कोणी एखाद्या बाईला "तुमचीच चूक" असं वाटायला लावलं, घरातल्यांनी असो की ठाण्यातल्यांनी, त्यांचा मात्र मला आजही संताप येतो.

मार्चमध्ये पोलिसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये नागरिकांची बैठक घेतली. नवीन वरिष्ठ निरीक्षक आले होते. सायबर फसवणुकीवर चांगलं बोलले, १९३० हा नंबर सगळ्यांना लिहून घ्यायला लावला. मग म्हणाले, "तुमचा सेक्टर तसा शांत आहे, आकडे बघितले मी." काका उठले आणि त्यांनी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पाच-सात मिनिटं नुसती पानं उलटली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी सोबतच्या हवालदारांना विचारलं, "हे ग्रिलवालं माहीत आहे तुम्हाला?" हवालदार म्हणाले, "अर्ज होता साहेब." साहेब म्हणाले, "अर्ज नको. जे यायला तयार आहेत त्यांचे गुन्हे घ्या."

तयार झाले तिघं. बाकीच्यांनी नको म्हटलं. काकूंचा मुलगा म्हणाला, आता सहा महिन्यांनी कशाला, कोर्टाच्या चकरा कोण मारणार. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा गेले नाही.

पालिकेच्या बाजूचं काम अहवालाच्या त्या प्रतीने झालं. "सुरू" असं लिहिलेल्या नऊ खांबांचे रात्रीचे फोटो, खांबाचा नंबर दिसेल असे काढून, प्रतीसोबत जोडले आणि थेट वरच्या कार्यालयात दिले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केबल पडली. नऊपैकी आठ दिवे लागले, नववा आजही लुकलुकतो. वॉचमनच्या केबिनला पोलिसांच्या गस्तीच्या पुस्तकाची पत्र्याची पेटी लागली. मी अधूनमधून उघडून बघते. पहाटे पावणेसहाची सही बहुतेक दिवशी असते. नसली की त्याच दिवशी ठाण्यात फोन करते. आता तिथे माझा आवाज ओळखतात.

ऑगस्टमध्ये ठाण्यातून बोलावणं आलं. दुसऱ्या जिल्ह्यात दोघं पकडले गेले होते, नवी मुंबईतल्या बऱ्याच चोऱ्या कबूल केल्या होत्या, आणि एका सोनाराकडून मुद्देमाल जप्त झाला होता. आई जाताना देवघरातल्या डबीतून ती एक वाटी रुमालात बांधून घेऊन निघाल्या. त्यांना वाटलं, जोडीची दुसरी वाटी ओळखायला बोलावलं आहे.

टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत लगड होती. वितळवलेल्या सोन्याचा ओबडधोबड तुकडा, आगपेटीहून थोडा लहान. आईंनी रुमाल उघडून वाटी त्या पिशवीशेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या. "यात आमचं कुठलं?" तपास अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं की ज्यांचे गुन्हे दाखल आहेत आणि आरोपींच्या कबुलीशी जुळतात, त्यांच्यात वजनाच्या हिशेबाने वाटणी होईल, न्यायालयात अर्ज करावा लागेल, थोडा वेळ जाईल. कबुलीत आमच्या होल्डिंग पॉन्डच्या रस्त्याचा उल्लेख दोनदा होता. एक जानेवारीतला. एक सप्टेंबरमधला. दुसऱ्याचा फिर्यादी सापडत नाही, असं ते म्हणाले.

घरी आलो तर काकू कुंपणाशीच उभ्या होत्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "माझी पण असेल का गं त्यात?"

मी आत जाऊन वही आणली. त्यांच्या नावापुढे तारीख होती, वेळ होती, जागा होती, बोरमाळ, अडीच तोळे असं लिहिलेलं होतं. शेवटच्या रकान्यात मी मारलेली रेघ होती. काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, आत गेल्या आणि साडी बदलून आल्या. "चल," म्हणाल्या, "तू असशील ना बरोबर?"